निळ्या काठाचं ताट

रविवार, ४ जानेवारी १९८७. कारापूर

‘शेजारी जायला निमित्त शोधावं लागलं, की समज काहीतरी बिनसलंय.’ आई म्हणाली होती. मी तेव्हा शाळेत होते, आणि ती कुंपणावरून पिदादबायला ताकाचा तांब्या देत होती. आज आठवलं. कारण आज दिवसभर मी निमित्तच शोधत होते!

दादा, दीपावहिनी, मुलं दुपारच्या बसनं वास्कोला गेली. नाताळची सुट्टी संपली. मी महिनाभर राहणार. श्रावणात आई गेल्यापासून घर बंदच असतं, आणि माझी कादंबरी वास्कोच्या खोलीत पुढं सरकत नाही. निघताना वहिनीनं उरलेला केक डब्यात घालून ठेवला — ‘वर्षभर गोड नाही, हे मुलांना कुठं कळतं हो!’ दादा पायरीवर थांबला. ‘पिदादबायकडे सध्या नको जाऊस. वातावरण निवळू दे.’

बस गेल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बरं वाटलं.

मंगळवार, ६ जानेवारी

सकाळी धुकं. न्हाणीत चुलीला पाठ करून बसले, पाणी उकळेपर्यंत. अशी ऊब वास्कोत नाही. पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला, धावत जाऊन गरम पाव घेतले. चहाबरोबर केकही खाल्ला. छान होता.

झाडायला चंद्रावती आली. ती बांद्याकडची; सगळं वाड्यावरचं वर्तमान तिच्याकडे.

‘पिदादबायच्या घराक यंदा चांदणी नाय लागली, बघलास?’

बघितलं होतं. दर नाताळला तिच्या बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, कागदाची मोठी चांदणी लागते, आत दिवा. यंदा नुसता खिळा.

‘का गं?’

‘तां तुमकाच म्हायत. तुमी मराठीवाली, ती कोंकणीवाली. माका काय, मी दोनय बोलतंय!’ आणि केरसुणी आपटत हसली.

शुक्रवार, ९ जानेवारी

लिहायला बसले, पण नजर फळीवरच्या ताटाकडे.

पांढरं, निळ्या काठाचं. दर नाताळला ते पिदादबायकडून गोडानं भरून येतं — दोदोल, करंजीसारख्या नेवऱ्या, बिबिंकाचा एक तुकडा, वर विणलेला रुमाल. गणेशचवथीला आम्ही त्याच ताटातून आमच्या नेवऱ्या पाठवायच्या. मला कळायला लागल्यापासून हेच. गेल्या चवथीला आमच्याकडे दुखवट्याचं वर्ष. कढई चढली नाही. ताट इथंच राहिलं. आणि ह्या नाताळला तिच्याकडूनही काही आलं नाही. दुसऱ्या ताटातूनही नाही.

चवथीचं ती समजून घेईल. पण नोव्हेंबरात राजभाषेच्या वादात मराठीच्या बाजूनं माझा लेख छापून आला. डिसेंबरात रस्ते अडले, बसगाड्या बंद झाल्या, बाजारात लोक एकमेकांकडे बघेनासे झाले. तिला देवनागरी वाचता येत नाही. पण कोणीतरी वाचून दाखवलंच असेल. लेखातला शब्दही मी मागे घेणार नाही. पण तिच्याविरुद्ध लिहिला नव्हता गं! घरी तर मीही कोंकणीच बोलते.

वाड्यावरचं ते एकच ख्रिस्ती घर. तेही तुटलं, तर आईची लेक म्हणून मला हाक मारायला इथं कोण?

सोमवार, १२ जानेवारी

काजूला मोहोर. कादंबरीचं एक प्रकरण संपलं — चक्क! दुपारी पेज, खारातली कैरी, आणि झोप.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ नाही. म्हणजे तेही निमित्त गेलं.

संध्याकाळी आईच्या परसात उतरले. चंद्रावतीनं पेरलेल्या अळसांद्यांना, म्हणजे चवळीला, कोवळ्या शेंगा लागल्यात. ओटी भरून काढल्या. आणि सुचलं — ताट रिकामं द्यायचं नाही. पण गोडच भरलं पाहिजे असं कुठं आहे?

गुरुवार, १५ जानेवारी

गेले! ताट पदराखाली धरून, चोरासारखी.

पिदादबाय बाल्कांवात तांदूळ निवडत होती. काळा झगा, नेहमीचाच. नवरा गेल्यापासून दुसरा रंग तिच्या अंगावर मी पाहिलेला नाही.

‘आयलें गे एकदां! बस.’

शेंगा पाहून खूश झाली. एक मोडून कच्चीच चावली. मग मी एका दमात विचारलं — लेख ऐकलास माझा?

‘नातीन वाचून दाखयलो.’

‘मग?’

‘मागीर कितें? म्हाका न्हीद आयली.’

झोप आली म्हणे! हसूच फुटलं मला! तीही हसली. मग धीर आला. म्हटलं, यंदा ताट आलं नाही, चांदणी नाही... मला वाटलं तू रागावलीस.

तिचे हात सुपावर थांबले. मठ्ठ पोरीकडे बघावं तशी बघत राहिली.

‘दुखाच्या घरांत गोड करतात? वर्स पाळटां हांव.’

‘कोणाचं?’

‘कोणाचें म्हूण विचारता! आवय गेल्या न्हय आमची?’

आमची म्हणाली. आमची आई.

श्रावणापासून! ना चांदणी, ना दोदोल, ना नातीच्या वाढदिवसाला केक. कोणाला सांगितलं नाही. आणि काळ्या झग्यावर आणखी काळं दिसणार तरी कसं? मी तिच्या राग-रुसव्याचा हिशेब मांडत होते, इथं वहिनीच्या डब्यातला केक खात.

ताट तिनं ठेवून घेतलं. ‘नाताळाक येतलें परत.’

घरी येऊन खूप रडले. पण छान रडले.

शनिवार, १७ जानेवारी

वर्षश्राद्धाला वर्ष सुटतं. ज्यांनी पाळलं त्यांनी त्या दिवशी एका पंगतीत बसून गोडाचा पहिला घास घ्यायचा. बाहेरचं कोणी नाही — हा दादाचा नियम, आणि त्याआधी बाबांचा.

दादा उद्या येतोय. नाहीच म्हणणार. त्याच्या कपाळावरची आठी मला इथूनच दिसते. तरी चहाचा कप हातात देतानाच विचारायचं: दादा, श्रावणात पिदादबायचं पान आपल्या पंगतीत, तुझ्या शेजारी मांडू दे.