माझ्या नावानं गेलेलं आमंत्रण

आई, तू गेलीस तेव्हा आपला जिल्हा अजून परभणीच होता आणि गावात फोन एकच, तोही ग्रामपंचायतीत. त्यामुळं जे सांगायचंय ते तुला कुठून सांगावं कळत नाही. तुझ्या रजिस्टरपासून सुरुवात करते.

तू उपकेंद्राची नर्सबाई. शिरड शहापूरच्या बाजूची चार गावं तुझ्याकडं. उन्हातान्हात पायी फिरायचीस, ओसरीवर टेकायचीस आणि त्या लांबट रजिस्टरात लिहायचीस, कुणाला दिवस गेलेत, कुणाचं लेकरू दगावलं, कुणाला खोकल्यातून रक्त पडतं. नवऱ्यालाही न सांगितलेलं बाया तुला सांगायच्या. मी सातवीत होते. तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस, मी रजिस्टर उघडलं. पलीकडच्या गल्लीतल्या सुनेला टीबी आहे हे वाचलं आणि हापशावर बायांत बोलून आले. तिसऱ्या दिवशी त्या सुनेला माहेरी धाडलं. तू मला मारलं नाहीस, हाताला धरून त्या घरी घेऊन गेलीस. सासूनं विचारलं, "बाई, तुमी आमाला काहून न्हाई सांगितलं?" तू म्हणालीस, "तिनं नको म्हणलं होतं. औषध चालू हाय, ती बरी होऊन राहिली. घेऊन या तिला." महिन्याभरानं ती आली, पण तुझ्याशी पुन्हा कधी मोकळं बोलली नाही. त्या दिवशी परत येताना तू मला एवढंच म्हणालीस, "लिहिलेलं दिसलं म्हणून ते आपलं होत न्हाई. ती माझ्यापाशी बोलली होती."

माझी वर्गमैत्रीण तुला आठवत असेल. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरची, गणितात माझ्यापुढं असायची. तिला सेनगावकडं दिली. नवरा मारायचा. तू गेल्यावर काही वर्षांनी ती एका सकाळी लेकीला कडेवर घेऊन हिंगोलीत माझ्या दारात उभी राहिली. मी तेव्हा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. मी तिला औरंगाबादच्या बसमध्ये बसवून दिलं. तिकडं ती शिकली, एका ऑफिसात लागली, मुलगी शाळेत जायला लागली. ती कुठं आहे हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही ईमेलवर बोलायचो.

मग मैत्री जोडणारी एक वेबसाइट आली. क्लासमधले सगळेच तिच्यावर होते. मीही नाव टाकलं, गाव, शाळा, फोटो, अविवाहित असल्याचं. दोन दिवसांत माझ्या पानाशेजारी लग्न जुळवणाऱ्यांच्या जाहिराती यायला लागल्या, आणि मी हसले. पुढं त्या वेबसाइटनं माझ्या ईमेलचा पासवर्ड मागितला, ओळखीचे शोधून देते म्हणून. मी दिला. माझ्या ईमेलमधले सगळे पत्ते तिनं उचलले आणि प्रत्येकाला माझ्या नावानं आमंत्रण धाडलं. मैत्रिणीलाही.

तिनं माझं नाव पाहिलं आणि विश्वासानं आत आली. स्वतःचा फोटो टाकला, ऑफिसचं नाव टाकलं. तिचा धाकटा दीर माझ्या क्लासला टायपिंग शिकून गेला होता, तोही त्या वेबसाइटवर माझ्या मित्रयादीत होता. त्यानं तिला शोधलंसुद्धा नाही. 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून त्या वेबसाइटनंच तिचा फोटो त्याच्यासमोर ठेवला. आठवड्याभरात नवरा आणि दीर ऑफिसवर गेले, तिथून पाळत ठेवून शाळेपर्यंत पोचले आणि मुलीला घेऊन गेले.

तिचा फोन येतो तेव्हा मी क्लासमध्ये उभी आहे, समोर पोरं टाइप करून राहिलीत. ती रडत नाही. विचारते, "तू कुणाला सांगितलंस?" मी म्हणते, "न्हाई गं, कुणालाच न्हाई." ती म्हणते, "तू बोलावलंस म्हणून मी आले तिथं." ते आमंत्रण मी लिहिलं नव्हतं, हे मला तिला सांगता आलं असतं. पण पाठवणारीचं नाव माझंच होतं.

लेक परत मिळायला तिला दीड वर्ष कोर्टात जावं लागलं. मी दोनदा साक्षीला गेले. मुलगी आईकडं आली तेव्हा तिला माझी ओळख राहिली नव्हती. मग मैत्रिणीनं नंबर बदलला, शहरही बदललं, आणि या वेळी मला कळवलं नाही. कंपनीला मी तक्रार लिहिली, त्यावर आपोआप येणारं आभाराचं उत्तर आलं. हळूहळू कळलं की कोण कुणाच्या ओळखीचं आहे, हेच त्यांना हवं असतं. त्यावरच त्यांचा धंदा चालतो. तूही घरोघरची माहिती गोळा करायचीस, आई. पण तुझ्यासमोर माणूस बसलेलं असायचं.

हे खरं तर तिला लिहायला हवं. पत्ता माझ्याकडं नाही, आणि तो कुणाकडंच नसावा असं वाटतं. तुलाही हे कुठं पाठवणार, कागद इथंच राहील. एक गोष्ट मात्र कोर्टात सांगितली नाही, तिलाही नाही. सगळे म्हणतात, वेबसाइटवरच्या बारीक अक्षरातल्या अटी कोण वाचतं. पासवर्ड देताना मी वाचल्या होत्या. सगळ्या पत्त्यांवर आमंत्रण जाईल असं त्यात लिहिलं होतं. क्लासमधल्या दुसऱ्या बाईंच्या यादीत माझ्यापेक्षा जास्त माणसं होती, म्हणून मी 'हो' दाबलं.