कळंबाला करवत

२१ जाने. २००६
विलासची करवत दुरुस्त झाली. नाक्यावर त्याचं फर्निचरचं दुकान. डिप्लोमा झाल्यापासून घरी जळलेल्या मोटारींत नवी तार भरते, पण विजेवरची साखळी-करवत पहिल्यांदाच हातात आली. मोटारीतलं फिरणारं आर्मेचर जळलेलं होतं. आता आवाज साफ. न्यायला आला तेव्हा म्हणाला, "उद्या रविवार, दुकान बंद असते. तुमीच ठेवा. लाकडाचा नाद हाय म्हणून ऐकलं." कोणाकडून ऐकलं, ते विचारलं नाही. ठेवून घेतली. का, ते सांगता येणार नाही.

२२ जाने.
बाभळीच्या ओंडक्याचं स्टूल. लक्षात ठेवणे: साखळी फिरते त्या पट्टीच्या टोकाने लाकडात शिरायचं नाही, करवत अंगावर उसळते. मध्येच लाइट गेली, पट्टी लाकडात अडकली. पाचर ठोकून सोडवली.
आई: "पाहुण्यांना काय सांगू, पोरगी लाकडं फाडून राहिली?"
बाबा: "सांग, सरपणाची काळजी मिटली."

२८ जाने.
सोमवारी परत केली होती. आज त्यानेच पुन्हा पाठवली. साखळीचा प्रत्येक दात कानशीने घासलेला, सगळे एका कोनात. तेल भरलेलं. निरोप काही नाही.

५ फेब्रु.
पुन्हा तेच. मी परत करते, तो धार लावून पाठवतो. आई आता करवतीला नावं ठेवत नाही. विलासचं घर कसं आहे, शेत कुठे आहे, बाबांना विचारत होती. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर...

१२ फेब्रु.
वाऱ्याने शेतातला कळंब आडवा पडला, गाडीवाट अडली. एवढं खोड एकटीला जमणारं नव्हतं, म्हणून बाबांनी विलासला बोलावलं. विहिरीवरच्या बोर्डापासून जाड वायर ओढली. त्याने करवत उचलली, सालीवर हात ठेवला आणि करवत खाली ठेवली.
"कळंब हाय हा. आमचं देवक. आमच्या घरचं कोणी याला लोखंड लावत न्हाई. तुमी कापा, मी वायर सांभाळतो."
मी कापलं. शेवटचा तुकडा पडल्यावर बाबा आईला हळूच म्हणाले, "आपलं बी कळंबच व्हय ना?"
आईचा चेहरा उतरला. देवक एक म्हणजे भाऊबंद. सोयरीक होत नाही. शिवाय आपलंही तेच असेल, तर त्याला करवत लावणारी मी.
विलासने ऐकलं होतं. वायर नीट गुंडाळून ठेवली, सायकल काढली. करवत इथेच.
जे कोणी तोंडाने बोललंच नव्हतं, ते मोडलं म्हणायचं का?

१५ फेब्रु.
बाबांना नक्की आठवत नाही. दादाच्या लग्नात गुरुजींनी देवक म्हणून पाच झाडांचं पंचपल्लव बांधलं, सगळ्यांना चालतं म्हणून. आई म्हणते कळंबच. काका म्हणतात वड. मीटर लावून बघावं असं यात काही नाही.
करवत द्यायला जावं तर काय म्हणून? ठेवून घ्यावी तर काय म्हणून?

१९ फेब्रु.
जीपने जवळच्या गोरेगावला, आत्याकडे. बाबांची थोरली बहीण. तिच्या लग्नातलं देवक आजोबांनी स्वतः आणलं होतं. घरी सांगितलं, तिच्या गिरणीची मोटार बघायची आहे. मोटारीला काही झालेलं नव्हतं.
आत्या शेंगा फोडत बसली होती. विचारलं, आपलं देवक कोणतं.
"काहून?"
"असंच."
"असंच कोणी देवक पुसत न्हाई, माय. त्या पोराचं कोणतं हाय?"
"कळंब."
तिने फोडलेले दाणे माझ्या हातावर ठेवले. "मला बराबर आठवते. पण आधी तू सांग. कळंब पाहिजे का दुसरं?"
"आत्या, जे आहे ते सांग ना."
"जे हाय ते ठाऊक असणारी आता मी एकटीच, मी सांगीन तेच सारे मानतीन. तवा तू सांग."
बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. विचार करून सांगते म्हटलं.
"कर. मी कुठं पळून चालले?"
आता घरी. कळंब म्हटलं तर सोयरीकच नाही, सुटले. दुसरं म्हटलं तर... पुढे काय लिहायचं ते समजत नाही. समजेपर्यंत करवत परत करणार नाही.