मोकळ्या नाड्या

आप्पा, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली तरी तुमचा राग येतो. डॉक्टरनं साखर, बीपी सगळं सांगून रोज चालायला बजावलं होतं. तुम्ही तो कागद ढाब्याच्या गल्ल्याखाली सारला आन भट्टीकडं गेलात. प्रत्येक पातेल्यातलं वाटीभर स्वतः खाल्ल्याशिवाय भाजी बाहेर जाऊ द्यायची नाही, ही तुमची रीत. मी म्हणायचो, "चमच्यानं बघा की चव." तुम्ही पोटावर हात फिरवायचात. "अरं, मालक वाळका दिसला तर ड्रायव्हर गाडी उभी करंल व्हय? ही आपल्या ढाब्याची पाटी हाय." ड्रायव्हर हसायचे. आई हसायची नाही.

मग दिवाळीनंतर मीच तुम्हाला कॅनव्हासचे बूट आणले. कॉलेज अर्ध्यात सोडून घरी बसलो होतो, तुमच्याशी धड बोलत नव्हतो, आन एकाएकी रोज सकाळी तुम्हाला उठवायला लागलो. तुम्हाला वाकता यायचं नाही, नाड्या मी बांधायचो. पहिल्या दिवशी तुम्ही निम्म्या वाटेत दगडावर बसलात. महिन्याभरात नळदुर्गच्या किल्ल्याच्या दरवाजापर्यंत पोचायला लागलात. पट्टा एक भोक आत गेला, तर शर्ट वर करून आचाऱ्याला दाखवलंत. आई शेजारणीला सांगायची, पोरगं लई जीव लावतंय बापाला.

किल्ल्यापाशी ती पळायला यायची, पोलीस भरतीसाठी. जिच्यापायी मी परीक्षेला बसलो नाही, तीच. तुम्हाला कट्ट्यावर टेकवून मी तिच्याकडं बघत उभा राहायचो. तिनं एकदाही मान वळवली नाही.

तिचं लग्न ठरल्याचं कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठलोच नाही. तुम्ही बूट घालून खाटेपाशी उभे, नाड्या लोंबतायत.

"चल की रं. आज आत बुरजापर्यंत जाऊ."

"तुमचं तुम्ही जा."

"एकट्याला लोक हसत्यात बाबा. तू संगं असला की न्हाय हसत."

मी ताडकन उठून बसलो. "मग मला हसत्यात त्याचं काय? लाज वाटती तुमच्यासंगं चालायची."

खोटं होतं ते. राग तिचा होता, सापडलात तुम्ही. तुम्ही टाचेनं टाच दाबून उभ्या उभ्याच बूट काढलेत आन ढाब्यावर गेलात. परत कधी चल म्हणाला नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात भट्टीपुढंच कोसळलात.

आता वाटी घेऊन पातेल्यापुढं मी उभा असतो. जुने ड्रायव्हर म्हणतात, पोरानं लई केलं, म्हाताऱ्यानं ऐकलं न्हाय. मी मान हलवतो. सात वर्षं हलवतोय.

हा कागद तुमच्या बुटात खोचून ठेवतोय. तुम्ही ऐकलं होतं, आप्पा. पण उद्या कुणी विचारलं तर मी मान हलवणारच.