पायाखालचे एकशेसाठ एकर

३ ऑगस्ट, व्हेल्का

फुकट मिळालेल्या वारशाचा खर्च आधी मांडून ठेवतो. वकील, अठराशे चाळीस डॉलर. एमिलकाकाच्या मृत्यूच्या दाखल्याच्या सहा प्रती, नव्वद. टल्साहून इथवरचं पेट्रोल, अडतीस. वाटेत फुटलेला टायर, एकशे दहा. एकूण दोन हजार अठ्ठ्याहत्तर. मिळकत: जुन्या करारवाल्या कंपनीनं नवा वारस म्हणून माझ्या नावानं पाठवलेला चेक, तीन डॉलर बारा सेंट. गावात शिरल्या शिरल्या तो बँकेच्या खिडकीत दिला, मागे सही ठोकली, आणि त्या पैशांत कॉफी आणि कोलाचे नावाचा जर्दाळू भरलेला एक गोड पाव घेतला. कोलाचे फर्मास होता.

तरी मी खुशीत आहे. त्रेसष्ट वर्षांत मला कुणी आयतं काही दिलं नव्हतं. सायलेन्सरची सहा दुकानं स्वतः उभी केली, स्वतः विकली. आता एकशेसाठ एकरांखाली जे काही आहे ते लिओनार्ड व्होंद्राचं, माझ्यामागे माझी लेक कार्लाचं. वरची माती नाही. ती ऑटोकार आजोबांनी १९३४ साली झेलेंकांना विकली, पण खालचं तेल, वायू, खनिज सगळं स्वतःकडे ठेवून. म्हातारा हुशार! नवी कंपनी एकरी अडीच हजार द्यायला तयार आहे. अट एकच, जुन्या कंपनीशी झालेला १९२६चा तेल उपसण्याचा करार सुटलेला हवा. मुदत पंधरा ऑक्टोबर.

४ ऑगस्ट

झेलेंकांचा नातू डेल्बर्ट हा माझा घरमालक. एमिलकाका शेवटची तीन वर्षं ज्या घरात राहिला, तेच त्यानं मला भाड्यानं दिलंय. खिडकीतून समोर कुरण, आणि कुरणाच्या मधोमध जुन्या विहिरीचा पंप. लोखंडी घोड्यानं पाणी प्यायला मान घालावी तसा दिसतो.

डेल्बर्टनं स्वागत म्हणून मला कोठारातल्या गोण्या तोलायच्या काट्यावर चढवलं. म्हणाला, तेलशेठ आलेत म्हटल्यावर वजन पाहायला नको? दोनशे एकतीस पौंड निघाले. तो म्हणाला, काकाहून कमीच आहेस रे, पण हिवाळ्यापर्यंत पुरेल. मी खूप हसलो.

काकाच्या मयतीला मला येता आलं नव्हतं. डेल्बर्ट म्हणाला, गर्दी लागलीच नाही, पेटी आम्ही दोघांनीच उचलली, आणि त्यातल्या एकाची कंबर धरलेली. मला आठवतो तो काका बसला की खुर्ची मोडायची. आजारानं खंगला असणार.

६ ऑगस्ट

नव्या कंपनीच्या बाईंचा फोन. करार असा आहे म्हणाल्या की विहीर काही ना काही देते आहे तोवर तो जिवंत. विहीर कोरडी आहे हे सिद्ध करा, करार मेला. फक्त त्या जुन्या कंपनीकडून काही घेऊ नका, कशावर सही करू नका, नाहीतर करार तुम्हाला मान्य आहे असं होईल. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं धंदा केलाय. पाठपोट वाचल्याशिवाय एका कागदावर सही केली असेल तर नाव बदलीन.

११ ऑगस्ट

नोंदणी कचेरीत चौथी खेप. वेर्ना माखाला तिथं एकेचाळीस वर्षं आहे आणि सगळ्यांना ‘राजा’ म्हणते. करार पुस्तक नऊमध्ये आहे. पुस्तक नऊ बांधायला गेलंय. कुठं? ते पुस्तक दहामध्ये लिहिलंय. पुस्तक दहा कुठंय? राजा, ते नऊबरोबरच गेलंय.

वेर्नानं एक गंमत सांगितली. इतर घराण्यांत खालचा हक्क वाटत वाटत जातो. आजोबांचा अर्धा, मुलांचा आठवा, नातवंडांचा चौसष्टावा, शेवटी कोलाचेचा चुरा व्हावा तसा. फक्त व्होंद्रांचा हक्क कधी फुटलाच नाही. ऑटोकार, मग त्याचा भाऊ, मग एमिल, मग तू. एका वेळी एकच नाव. म्हणाली, तुमच्यात वाटणीपर्यंत कुणी टिकतच नाही रे राजा. आणि शिक्के मारत बसली.

१९ ऑगस्ट

जुन्या कंपनीला फोन केला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा. पन्नास मिनिटं तेच बँडवादन. पत्ता म्हणून नुसता टपाल पेटीचा क्रमांक. राज्याच्या खात्यात विचारलं तर विहीर ‘चालू’ म्हणून नोंदलेली. कुणी कळवलं? नोंद आहे म्हणजे कुणीतरी कळवलंच असणार, असं उत्तर.

तावातावानं कुरणात गेलो. पंपाला मोटर नाही. पट्टा नाही. विजेचा खांबसुद्धा कापून नेलेला. फोटो काढले. झाला करार खलास!

परत फाटकाशी आलो आणि मागून आवाज आला. भर बारा वाजता, वारा नाही, आणि घोडा मान घालतोय. वर. खाली. वर.

३१ ऑगस्ट

जुन्या कंपनीचा दुसरा चेक. बाईंनी बजावल्याप्रमाणे तो खणात टाकला, वटवला नाही. बरोबरच्या चिठ्ठीवर ‘उत्पादन’ या रकान्यात फक्त ११. अकरा काय, पिंपं की थेंब? तो रकाना कोरा. पहिल्या चिठ्ठीवर शून्य होतं.

एक बरं झालंय. टल्साचा डॉक्टर नऊ वर्षं वजन उतरवा म्हणून डोकं खातोय. इथं रोज चार कोलाचे खाऊन पट्ट्याचं एक भोक मागे गेलो. डेल्बर्टच्या काट्यावर दोनशे वीस. तो म्हणाला, तेलशेठ, गावचं पाणी मानवलं. पण या वेळी हसला नाही.

९ सप्टेंबर

पंप साखळदंडानं जखडला. स्वतः कुलूप घातलं. दुपारी साखळी जमिनीवर पडलेली, कुलूप जसंच्या तसं बंद.

मी आवाजावर जगलेला माणूस आहे. गाडी गल्लीच्या टोकाला असतानाच कुठला सांधा फुटलाय ते सांगायचो. या पंपाचा आवाज यंत्राचा नाही. खाली जाताना ओढ, वर येताना सुस्कारा. मधेच अडखळतो. पायऱ्या चढल्यावर माणूस अडखळतो तसा.

मी आत्ताच पायऱ्या चढून आलो होतो.

१७ सप्टेंबर

लिहायची लाज वाटते, पण लिहितो. दुपारी दोन वाजता, लख्ख उजेडात, डेल्बर्टला कुंपणाशी उभं केलं आणि श्वास रोखला.

घोड्याची मान हवेत अर्ध्यावर थांबली.

श्वास सोडला. मान वर आली.

डेल्बर्टनं टोपी काढली. म्हणाला, परत कर. परत केलं. परत थांबली. मग तो म्हणाला की एमिलही हेच करून दाखवायचा, पण आम्हाला वाटायचं म्हातारा जादूच्या गमती करतो. मी ओरडलो, मग मला आधी का नाही बोललास? तो म्हणाला, काय बोलणार होतो? खालचं तुमचं. आमची फक्त माती.

३० सप्टेंबर

तिसरी चिठ्ठी. उत्पादन ३४.

काट्यावर एकशे शहाऐंशी.

दोनशे एकतीस वजा अकरा, दोनशे वीस. दोनशे वीस वजा चौतीस. मी चार वेळा केलं. दुकानातली पोरंसुद्धा एवढी बेरीज-वजाबाकी चुकत नव्हती.

४ ऑक्टोबर, टल्सा

पळून आलो. सत्तर मैल. डॉक्टरनं सुया टोचल्या, यंत्रात घातलं. सगळं ठणठणीत म्हणे. वर अभिनंदन केलं!

डेल्बर्टला फोन लावला. पंप? चालू आहे म्हणाला. मी श्वास रोखला. मग तो हळूच म्हणाला, थांबला रे.

अंतराचा काही उपयोग नाही. कागदच तोडायला हवा.

६ ऑक्टोबर, व्हेल्का

पुस्तक नऊ परत आलं. ते कुठंच गेलं नव्हतं. वेर्नाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली होतं. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. वेर्ना म्हणाली, बस राजा, उभा राहू नकोस, पडशील.

कराराच्या शेवटी, छापील मजकुराखाली, हातानं लिहिलेली ओळ. ‘विहीर देत राहील तोवर करार चालू. विहीर थांबल्यास, वारस देत राहील तोवर.’ खाली ऑटोकार आजोबांची सही.

वेर्ना म्हणते, विहीर १९३३ सालीच आटली. म्हणून तर त्यानं माती विकली.

पण मी तर काही मान्य केलेलं नाही! नंतरचे दोन्ही चेक खणात आहेत. मी काहीही —

१५ ऑक्टोबर

मुदत संपली. बाईंचा फोन आला नाही. आला असेल. घंटा हल्ली लांबून ऐकू येते.

एकशे तेवीस.

चमचा जड लागतो. पंप जोरात चाललाय — मी नाही, तो. तो ओढतो, मग मी श्वास घेतो. आधी उलटं होतं.

२२ ऑक्टोबर

डेल्बर्ट सूप घेऊन येतो. मला उचलून खुर्चीत बसवतो. एका हातानं. कंबर धरलेली असताना —

वेर्नाला विचारायला सांगितलंय. मी कुठं मान्य केलं? दाखवा म्हणावं. कागद दाखवा.

२५ ऑक्टोबर

वेर्नानं प्रत पाठवली. पुस्तक दोनशे बारा, पान सात. रीतसर नोंदलेलं. तीन डॉलर बारा सेंटच्या चेकची पाठ. बारीक, राखाडी अक्षरं. ‘खाली सही करणारा वारस १९२६चा करार, हातानं लिहिलेल्या ओळीसह, स्वतःपुरता मान्य करतो.’ त्याखाली निळ्या शाईत मी. लपेट्यासकट.

बाहेर ऊन. घोडा — वर. खाली.

कार्ला, पोरी — तू एकटीच आहेस माझ्यामागे. हक्क फुटणार नाही. तुझ्या नावानं चेक येईल. छोटासा. कोलाचे येईल एवढ्याचा. फाड. वटवू नकोस. सही करण्याआधी उलटा करून बघ. मी सगळं पाठपोट वाचतो म्हणायचो ना — त्या चेकची पाठ मी वाचली नव्ह