आता दार लावा गं

चँडलर, अ‍ॅरिझोना
१६ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप सुमित्राताईस,
नंदूचा नमस्कार. आईच्या पायांना माझ्या वतीने हात लाव.

तुझं पत्र मिळालं. मी बरा आहे. इथली थंडी म्हणजे पहाटे अंगावर काहीतरी घ्यावं एवढीच. मीनाक्षीकाकूंकडे पाहुणे यायचेत म्हणून काल चकल्या तळल्या. एकही मोडली नाही.

तू लिहिलंस की आईला आता गिळवत नाही, आवाजही फुटत नाही, आणि तिने खुणेने सांगितलं, निरोपाचं गाणं नंदूने कॅसेटवर भरून पाठवावं, शेवटच्या ओळीसकट. तू सहज लिहिलंस. ‘शेवटच्या ओळीसकट’ हे शब्द मी तीनदा वाचले.

घरातून कुणीही लांब निघालं की आई दारात उभी राहून म्हणायची,

जा रे माझ्या राजसा, वाट तुझी सोपी होवो,
अर्ध्या उघड्या दारातून दिवा तुला दिसत राहो.

आणि तेवढ्यावरच थांबायची. तू सासरी निघालीस तेव्हाही, ‘राजसा’च्या जागी ‘मैने’ घालून. ‘आला माझा राजस, आता दार लावा गं’ ही ओळ माणूस परत उंबऱ्यात आल्यावरच. मी काकूंकडे कामाला म्हणून निघालो तेव्हा माझी ओळ तिने अशीच ठेवून घेतली. दर दिवाळीला मी लिहितो, पुढच्या वर्षी नक्की. मग मी आलो नसताना तिने ती का मागितली?

काकूंचा टेप घेऊन बसलो. पहिल्या दोन ओळी म्हणायचो आणि थांबायचो. शेवटी काकूंना म्हटलं, एवढंच पाठवतो, राहिलेलं घरी जाऊन म्हणेन.

त्या पोळ्या लाटत होत्या. “डेट सांग,” म्हणाल्या.

मी टेपची वायर गुंडाळू लागलो.

“अरे, ती तुला मोकळं करतेय, आणि तू तिला दारात उभं करून ठेवतोयस.”

ताई, मी येत नाही.

माझ्या व्हिसाची मुदत कधीच संपली आहे. वकील म्हणतात, नव्या कायद्यात इथे राहण्याचे कागद होऊ शकतील, पण आत्ता देश सोडला तर परत शिरता येणार नाही. काका म्हणाले, जायचं तर तिकीट मी काढतो, ठरव तू. मी ठरवलं. विचार करून ठरवलं की घाबरून, ते मला सांगता येत नाही. तुला उत्तर द्यायला उशीर झाला तो यामुळे, पोस्टामुळे नाही.

कॅसेट सोबत आहे. सगळं म्हटलं आहे. एका ठिकाणी आवाज बसला आहे, पण शब्द स्वच्छ आहेत. तिच्या उशाशी लाव. आवाज फार मोठा करू नकोस.

ओळ संपल्यावर टेप बराच वेळ नुसताच फिरतो. बिघडला असं समजून बंद करू नकोस. मी तिथेच बसून आहे.

तुझा,
नंदू