गव्हाविना चंद्रपाव

४ डिसेंबर १९४६, बुधवार

आज पुन्हा फसलं! लाटायला घेतलं की भुगा. तांदळाच्या पिठाला चिवटपणा म्हणून नाहीच, मग चंद्रकोरीसारख्या त्या पावाला थर कुठून पडणार? तीनदा मळलं, तीनदा फुटलं. शेवटी तव्यावर थापून खाल्लं. भाकरीच झाली ती – लोणी जास्त झालेली.

अब्बा हसले. "जरिना, चंद्रपाव मैद्याचाच हुतो गं. इटलीत सायबांच्या मेसमधी दोन वर्सं हेच केलं मी."

अब्बांचं हसणं चालतं मला. अम्मीचे उसासे चालत नाहीत.

६ डिसेंबर

गहू सोडून आज अडीच महिने. जिना एका दमात चढले – मध्ये बसावं लागलं नाही!

बेकरीवाल्याची मुलगी आणि पावाचा तुकडा पचत नाही. सांगलीभर हसतील. पण खरंच आहे ते. अब्बा फौजेतून आले, ईदेला त्यांनी पहिल्यांदा घरात चंद्रपाव भाजला. मी चार खाल्ले. असं खुसखुशीत, पापुद्र्या-पापुद्र्याचं काही जन्मात खाल्लं नव्हतं. मग तीन आठवडे अंथरुणात. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काटक्या. अब्बांनी मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, "गहू बंद. भात आणि केळी. का गुण येतो ते मलाही नीट ठाऊक नाही, पण काहींना येतो." मला आला.

आता रोज सकाळी विश्रामबागेतल्या बंगल्यांसाठी टोपल्या भरतात आणि वास थेट माझ्या खोलीत. एकोणीस वर्षांची आहे मी. उरलेलं आयुष्य नुसता वास घ्यायचा? नाही. करणारच.

११ डिसेंबर

अम्मी पोटासाठी इसबगोल देते. काल घ्यायचा विसरले. सकाळी पाहते तर पेला उलटा केला तरी पडेना – घट्ट, चिकट गोळा!

पेला हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.

१२ डिसेंबर

चिकटतं!! लाटता येतं!!

१९ डिसेंबर

लाटता येतं, पण लोणी वितळून सगळीकडून बाहेर येतं. अब्बा दारातून बघत होते. न राहवून आत आले. "आगं बाई, लोण्यातलं पाणी आदी काढ. फडक्यात पीळ. आन् ऊन चढायच्या आत लाट."

म्हणजे आता ते हसत नाहीत.

पहाटे उठते. तांदळाचं पीठ, थोडं साबुदाण्याचं, इसबगोलचा चिकट गोळा, खमीर अब्बांच्या पद्धतीचं, पण तांदळाच्या पेजेवर वाढवलेलं. लाटायचं, लोणी ठेवायचं, घडी. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायचं. पुन्हा लाटायचं, पुन्हा घडी. तीनदा. मग पितळी डब्यात – खाली निखारे, झाकणावर निखारे.

आज दोन थर दिसले. दोनच. पण दिसले.

२ जानेवारी १९४७

आजारी. लिहवत नाही.

९ जानेवारी

सात दिवस तेच. पोट, उलट्या, चक्कर. अम्मी उशाशी. "सोड गं हा नाद. ह्या तुज्या पावानंच केलं."

पडल्या पडल्या विचार केला. माझ्या पावात गहू नाही. पण लाटते अब्बांच्या पोळपाटावर! त्याच्या फटीत वर्षानुवर्षांचा मैदा बसलाय. कोंडीबा सुताराला निरोप धाडला – नवा पोळपाट, नवं लाटणं. बेकरीतल्या कुणी त्यांना हात लावायचा नाही.

१७ जानेवारी

पुन्हा पोट फुगलं. आणि आठवडाभर मी चंद्रपाव केलेलाच नाही! अम्मीच्या हातची पेज सोडून काही खाल्लं नाही.

दुपारी उठून स्वयंपाकघरात गेले. अम्मी पेज ढवळत होती. दुसऱ्या हातात कणकेची वाटी.

"अम्मी, हे काय?"

ती दचकली. मग म्हणाली, "चमचाभरच घालतीय. नुसत्या भातानं अंगात काय ऱ्हातंय? गव्हाशिवाय बळ येतंय व्हय?"

"कधीपासून?"

"गेल्या म्हयन्याच्या शेवटाला कराडचे लोक सोयरिकीसाठी तुला बघून गेले, तवापासून. लय वाळलीय म्हनाले."

मी किंचाळले. कधी नव्हे ते अम्मीवर ओरडले. शेजारच्या रंगूबाई धावत आल्या – त्यांना वाटलं कुणी भाजलं.

१८ जानेवारी

आजपासून माझं माझं रांधणार. अम्मीशी बोलायचं नाही.

२६ जानेवारी

पोट उतरलं. पीठ भिजवलं.

३ फेब्रुवारी

झाले!

आठ चंद्रपाव. वरून तांबूस. एक मधोमध कापला – थर! मोजले, अकरा. मैद्याइतका फुगत नाही, कडा जराशा कडक होतात, वाकवताना एका टोकाला चीर पडते. पडो. बोटांनी दाबला तर कुर्रर्र वाजला.

अब्बांनी उभ्यानं एक खाल्ला. डोळे मिटून चावत राहिले. मी पदराचं टोक पिळत उभी.

"इटलीतल्यावानी न्हाई," म्हणाले.

मग बोटाला लागलेलं लोणी चाटलं. "पर थर हायत. पोरी, थर हायत!"

दुसरा घेतला. अम्मीला बशी दिली तर तिनं ती फळीवर ठेवून दिली.

५ फेब्रुवारी

दोन दिवस रोज दोन खाल्ले. पोट शांत. झोप लागली, भूकही लागली.

परवाची बशी तशीच आहे. अम्मी त्या फळीकडे बघतसुद्धा नाही. इतका कसला राग? चूक तिची की माझी?

६ फेब्रुवारी

आज अम्मीनं खाल्ला. चुलीपाशी बसून, माझ्याकडे पाठ करून. मग तशीच म्हणाली, "तुज्या आदी मला एक लेक हुती. शकिला. चार वर्सांची. तिचं पोटबी असंच फुगायचं. ती त्वांड फिरवायची आन् मी दुधात पाव कुस्करून भरवायची. वाटायचं, खाल्लं तर जगंल. लय भरवला गं."

मला बहीण होती. मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

अम्मीनं विचारलं, "मीच घालवली व्हय तिला?" मी तिच्यामागे बसले, तिच्या पाठीला डोकं टेकलं, आणि "न्हाई" म्हणाले. ती ऐकेपर्यंत म्हणत राहिले.