अंगठा उठेना

२२ जुलै
व्हिसाच्या सेंटरची तारीख मिळाली. शुक्रवार, २५, पुणे. आमची भातलावणी उद्या-परवा, म्हणजे जमतंय. आईला सांगितलं तर म्हणाली, "ब्येस. आदी भात, मग इंग्लंड." जणू इंग्लंड वडिवळे धरणाच्या पलीकडचं खाचर आहे.
सावडीत सात घरं. आज त्यांनी आपल्याकडं राबायचं, उद्या आपण त्यांच्याकडं. आमच्या घरचे हात दोनच, आई अन् मी. पप्पा गेल्यापासून एवढेच. पुढच्या वर्षी आईच एकटी. हे ती बोलत नाही, मीही काढत नाही.

२४ जुलै
दोन दिवस चिखलात. लावणी उरकली. कंबर कामातून गेली, बोटांची सालं निघालीत. शेजारची सुलामावशी दिवसभर मागं लागलेली, "तितं वाकायचं काम हाय का गं?" म्हटलं, तिथं बसून अभ्यास करायचा. "बसून बसून पन कंबर जाती, पोरी."
फाईल तीनदा तपासली. सगळं आहे.

२५ जुलै
सगळं होतं, बोटंच नव्हती.
ठशांच्या मशीनवर चार बोटं ठेवली, लाल दिवा. पुसून ठेवली, लाल. काउंटरवरच्या बाईंनी ओला रुमाल दिला, मग कोरडा. शेवटी माझा हात उलटा करून बघितला. "काय काम करता तुम्ही?" मी म्हटलं, काल भात लावला. त्यांनी नवी तारीख दिली, ८ ऑगस्ट. "बोटं भरून आली की या."
कॉलेजात हजर व्हायची शेवटची तारीख १२ सप्टेंबर. व्हिसाला महिना लागतो म्हणतात. चुकलं तर यंदाचा प्रवेश गेला.
स्वतःचाच राग येतोय. आईचा अंगठा रेशनच्या मशीनवर कित्येक वर्षं उठत नाही, म्हणून तर दर महिन्याला मी जाते. इंजिनियर झाले, पण एवढं साधं सुचलं नाही.

२६ जुलै
आईचं फर्मान. चिखल बंद, भांडी बंद, धुणं बंद. दोन वेळा हाताला खोबरेल. घरात महाराणी झालेय आणि लाज वाटतेय. सावडीतल्या पाच घरांची लावणी अजून व्हायचीय. ते सगळे आमच्याकडं राबून गेलेत.

२९ जुलै
आज सुलामावशीची लावणी. मी बांधावर, चहाची किटली घेऊन. आई माझ्या वाटणीचंही लावत होती, मान वर न करता. मागून एक बाई पुटपुटली, "शिकल्याली पोर, आता कशाला चिखलात यील!" झोंबलं. मावशी ताडकन म्हणाली, "तिचं बोट मशीनीत उठंना म्हून उबी हाय ती. तुजं उठतंय का बग जा आदी." सगळ्या हसल्या. त्यांच्यातल्या कुणाचंच उठत नाही.

२ ऑगस्ट
रेशनला आई बरोबर आली. माझा अंगठा तीनदा ठेवला, उठला नाही. आईचा तर प्रश्नच नव्हता. दुकानदार म्हणाला, "मावशे, आता घरात एक बी अंगटा न्हाई व्हय?" रिकामी पिशवी घेऊन परत. वाटेत आई म्हणाली, "तू गेल्याव काय हुनार, त्ये आजच कळलं बग." रागानं नाही, ऊन पडलंय म्हणावं तसं.

८ ऑगस्ट
दहाही बोटं. हिरवा दिवा.
त्याच बाई होत्या. "यंदा परत भात लावू नका हं."
येताना रेशन आणलं. पहिल्या झटक्यात उठला.

२७ ऑगस्ट
काही नाही. दिवसातून वीसदा मेल बघते. बॅग अर्धी भरून ठेवलीय. तांदूळ न्यायचा नाही म्हणतात, तरी आईनं इंद्रायणीची पुडी घातली, मी काढली, परत घातलेली दिसतेय.

५ सप्टेंबर
मेसेज आला. पासपोर्ट सेंटरला आलाय, घेऊन जा. आत व्हिसा आहे की नकार, ते लिहीत नाहीत. उद्या सकाळची लोकल कामशेतहून.
आईला सांगायला मागच्या दारी गेले. खुरपणी करून आली होती. उजव्या अंगठ्याला फडकं बांधलेलं. मला वाटलं, खुरपं लागलं. तर फडकं सोडून खोबरेल चोळत बसली. चार दिवस डाव्या हातानं खुरपतेय म्हणे, मला पत्ताच नाही.
"हे काय गं?"
"तुजा इसा आला, तर माजा अंगटा नगं उठाया?"
मी विचारलं, "आणि नाही आला तर?"
तिनं फडकं परत गुंडाळलं. "मग घरात दोन हुतील."